लाखोळी आणि माणसाची चाल

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकास, वणी तालुक्यात, राजूर हे गाव आहे. जमिनीखालचा कोळसा आणि चुनखडी यांनी त्यास नाव मिळवून दिले; एरव्ही भोवतालचा मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा, ज्वारीचा आणि तुरीचा. गावाच्या पूर्वेस, फार दूर नव्हे, वर्धा नदी वाहते. इंग्रजी अमलात या नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मध्यप्रांत अशी वाटणी होती. परंतु ती वाटणी केवळ नकाशावरची नव्हती. नदी ओलांडून चांद्याकडे आणि तेथून पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरत गेले की ज्वारी मागे पडते, भाताची खाचरे आणि तळी लागतात, आणि त्या भाताच्या पाठोपाठ एक निळसर फुलांचे खुरटे कडधान्य दिसू लागते. त्याचे नाव लाख, लाखोळी किंवा लाखोरी. हिंदी मुलखात त्यालाच खेसारी अथवा तिवडा म्हणतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागातील शेतकऱ्यास लाखोळी प्रिय का झाली हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. भात उभा असतानाच, खाचरात ओल आहे तोवर, तिचे बी फेकून द्यावयाचे. नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. भात कापला की खालून हे पीक वर येते. पाऊस अधिक झाला तरी ते तग धरते आणि मुळीच न झाला तरी तग धरते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, भुसा जनावरांस होतो. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण शेकड्यास पंचवीसाहून अधिक. म्हणजे हरभऱ्यापेक्षा ती हलकी नव्हेच, किंबहुना सरस. गरिबाच्या घरी एवढे गुण एकाच धान्यात सहसा एकत्र येत नाहीत. आणि याच धान्याने हिंदुस्थानात हजारो तरुण माणसांची चाल कायमची हिरावून घेतली.

ही गोष्ट आपल्याकडे अगदी जुन्या काळापासून माहीत होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधी सांगताना कलायखंज नावाचा एक विकार दिला आहे. त्याचे लक्षण मोठ्या नेमकेपणाने टिपलेले आहे: रोगी चालावयास आरंभ करतो त्या क्षणी त्याचे अंग थरथरते, मग तो लंगडल्यासारखा पुढे जातो, आणि त्याच्या सांध्यांची बंधने जणू सुटलेली असतात. ग्रंथकाराने बसलेल्या माणसाचे वर्णन केले नाही, निजलेल्याचेही नाही; पहिले पाऊल उचलण्याचा क्षण निवडला. आजचा वैद्यही रोग्यास प्रथम उठून चालावयासच सांगतो. एका पायाने अधू तो खंज आणि दोन्ही पायांनी अधू तो पंगु, असा भेदही त्याच प्रकरणात केलेला आहे. कलाय म्हणजे नेमके कोणते धान्य याविषयी टीकाकारांत मतभेद झाले आहेत. तथापि सोळाव्या शतकातील भावमिश्राने भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या कडधान्याचे गुणदोष सांगताना ते माणसास खंज आणि पंगु करते असे स्पष्ट लिहून ठेवले. त्रिपुट म्हणजे तीन कंगोऱ्यांचा दाणा. लाखोळीचा दाणा हातात घेतला तर हे नाव कसे पडले ते सांगावे लागत नाही.

युरोपातही हे ज्ञान जुने होते. आइनॉस या ग्रीक गावी सतत कडधान्यावर राहिलेल्या स्त्रीपुरुषांचे पाय गेले, असा उल्लेख हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत येतो. १६७१ मध्ये व्युर्टेंबर्ग घराण्यातील ड्यूक जॉर्ज याने या धान्याच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली. १८११-१२ मध्ये फ्रेंच फौजांच्या काळात माद्रिदवर दुष्काळ ओढवला, तेव्हा लोक याच दाण्याच्या पिठावर जगले. प्रसिद्ध चित्रकार गोया याने त्या प्रसंगाचे चित्र कोरले आहे, आणि त्याचा मथळा या धान्याचे आभार मानणारा आहे. पिठासाठी जमलेल्या त्या माणसांत एक स्त्री जमिनीवर आडवी पडलेली दाखविली आहे. त्या मथळ्यातील आभार किती खरे आणि किती उपरोधाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुष्काळात लाखोळीने प्राण वाचविले हे खरे आणि पाय घेतले हेही खरे.

आपल्या देशातील पहिली सविस्तर हकीकत ठगांच्या बंदोबस्तामुळे नाव मिळविलेल्या स्लीमन या अधिकाऱ्याने लिहिली. त्याचे पुस्तक १८४४ मध्ये निघाले. सागर प्रांतातील एका खेड्याविषयी तो सांगतो की १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये अवर्षणाने पीक उणे आले आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने उरलेले खाल्ले. या तिन्ही वर्षी गव्हात आपोआप उगवणारी तिवडा मात्र जोमाने वाढत राहिली. एरव्ही ती गुरांना घालीत. आता दाणे माणसांनी खाल्ले आणि काड्या तेवढ्या गुरांकडे गेल्या. १८३३ मध्ये फळ दिसू लागले. तीस वर्षांच्या आतील मुलेमुली एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. दोन वर्षांत त्या गावातील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी या विकारात सापडली. स्लीमन वैद्य नव्हता. परंतु पीक, हवामान, खाणे आणि रोग यांची साखळी त्याने इतकी सरळ मांडली आहे की पुढच्या पन्नास वर्षांतील कित्येक वैद्यांस तेवढेही साधले नाही.

पुढे अलाहाबादेकडे आयर्व्हिंग या सिव्हिल सर्जनने खेडोपाडी फिरून अशा रोग्यांची नोंद केली. १८७३ मध्ये नेपल्स येथील कान्तानी याने वनस्पतीच्या लॅटिन नावावरून या रोगास लॅथिरिझम हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. मध्यप्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ आले. १८९६ ते १९०२ या वर्षांतील तेथील लॅथिरिझमचा अहवाल बुकॅनन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने तयार केला व तो १९०४ मध्ये नागपुरास छापला गेला. दुष्काळाच्या कागदपत्रांत मेलेल्यांचे आकडे असतात, मदतकामांवरील मजुरांचे असतात, वाटलेल्या धान्याचे असतात. जे जगले परंतु चालू शकत नाहीत त्यांच्यासाठी रकाना सहसा नसतो. म्हणून या अहवालाचे महत्त्व विशेष.

या रोगात शरीरात काय घडते ते आता पाहू. मेंदूतून पायांच्या स्नायूंस आज्ञा नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातून खाली उतरतात. लाखोळीच्या विषाने नेमके हेच तंतू, आणि त्यांतही पायांकडे जाणारे लांब तंतू, झिजतात. स्नायू मरत नाहीत, त्वचेची संवेदना जात नाही, हात बहुधा शाबूत राहतात, बुद्धीस धक्का लागत नाही. परंतु वरून येणारा लगाम सुटल्यामुळे पोटऱ्या आणि मांड्यांचे आतले स्नायू ताठ होऊन बसतात. पोटरी आखडली म्हणजे टाच जमिनीस टेकत नाही. माणूस चवड्यावर चालू लागतो. मांड्या आतल्या बाजूस ओढल्या गेल्या म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या वाटेत येतो आणि कात्रीच्या पात्यांसारखी पावले पडतात.

सशक्त माणूस ठेच लागली असता पडत का नाही? त्याचा तोल जात नाही म्हणून नव्हे. तोल प्रत्येक पावलागणिक जातच असतो, आणि पुढचा पाय झटकन पुढे व थोडा बाजूला टाकून तो सावरतो. चालणे म्हणजे अशा रीतीने पडण्याचे आणि सावरण्याचे एक अखंड सत्र आहे. लाखोळीने ग्रासलेल्या माणसाजवळ तो झटकन टाकावयाचा पायच उरत नाही. त्याचा आधार चवड्याएवढा अरुंद, गुडघे अर्धवट वाकलेले, बोटे जमिनीस घासणारी. सपाट अंगणात तो हळूहळू जाऊ शकतो. परंतु खाचराचा बांध, ओलसर पायवाट, विहिरीचा काठ, मागून आलेले बैल, कोणी मारलेली हाक आणि तिच्या रोखाने मान वळविणे, एवढ्यानेही तो कोसळतो. वळणे त्यास सर्वांत कठीण जाते.

रोग कित्येकदा एका रात्रीत येतो. दिवसभर शेतात राबून निजलेला गडी पहाटे उठतो तो पाय ताठ होऊन पडतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांस, आणि पुरुषांतही तरुण व कष्टकरी पुरुषांस, तो अधिक गाठतो. ज्यांच्या पायांवर घर चालावयाचे नेमके त्यांचेच पाय तो घेतो.

कलकत्त्याचे संशोधक अ‍ॅक्टन यांनी १९२२ मध्ये या रोग्यांची जी प्रतवारी लावली ती अद्यापि वापरात आहे. तिला ना यंत्र लागते ना रक्ताची परीक्षा. पहिली पायरी बिनकाठीची: चाल अडखळती, पण आधाराशिवाय. दुसरी एका काठीची. तिसरी दोन काठ्यांची. चौथीत उभे राहणेच संपते आणि माणूस हातांवर भार देऊन बसल्या बसल्या सरकतो. काठी हे म्हातारपणाचे चिन्ह आपण मानतो. या गावांत ती विशीतल्या पोरांच्या हाती आली. एक काठी म्हणजे तिसरा पाय. दोन पायांचा अरुंद आधार तिने तिकोनी होतो आणि तोल सांभाळावयास थोडा अवसर मिळतो. दोन काठ्या घेतल्या की तोल अधिक सांभाळतो, परंतु दोन्ही हात गुंततात. मग विळा कोणत्या हाताने धरावयाचा आणि डोक्यावरचा भारा कोणी उचलावयाचा? दुसऱ्या पायरीवरचा मजूर काही काम करू शकतो. तिसऱ्या पायरीवर त्याची मजुरी संपते.

येथे कंपवाताशी तुलना करण्याजोगी आहे, कारण नागर घरांत चालीचा विकार म्हटला की तोच डोळ्यांपुढे येतो. लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यातही माणसाचा तोल जातो. परंतु तेथे अंग पुढे झुकते आणि पडू नये म्हणून पावले आखूड व भरभर पडत धावू लागतात. तो रोग बहुधा उतारवयात येतो, वर्षावर्षाने वाढत जातो, आणि १९६० नंतरच्या दशकात निघालेल्या लेव्होडोपा या औषधाने त्यास बराच आवर बसतो. लाखोळीचा रोग याच्या उलट. तो तरुणपणी येतो, धान्य बंद केल्यावर बहुधा पुढे सरकत नाही, पण मागेही हटत नाही. ज्या पायरीवर माणूस थांबला त्या पायरीवर तो उरलेले आयुष्य काढतो. त्यावर गुणकारी असे औषध नाही.

इतकी पुरातन माहिती असूनही, दोष नक्की कशाचा हा वाद विसाव्या शतकातही मिटला नव्हता. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमन्सन यांनी लाखोळीस निर्दोष ठरवून तीत मिसळणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या बियांवर ठपका ठेवला. प्रयोगशाळेतील जनावरांस लाखोळी चारून माणसासारखा रोग सहजासहजी होत नसे, त्यामुळे संशयास जागा राहिली. हा संशय दूर होण्यापूर्वी एक अघोरी पुरावा युरोपात तयार झाला. १९४२ च्या शरदऋतूत रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छळछावणीत हजारावर यहुदी कैदी ठेवले होते. त्यांस रोज सुमारे चारशे ग्रॅम हेच धान्य उकडून देत. तीन महिन्यांच्या आत तरुण कैद्यांच्या चाली बिघडू लागल्या. कैद्यांतच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रोग ओळखला आणि अन्नाकडे बोट दाखविले. कैद्यांनी ते खाण्याचे नाकारले व पुढे ते बंद झाले. तोवर शेकडो माणसे अपंग झाली होती. युद्धानंतर केसलर इस्राएलात गेले आणि त्या वाचलेल्या रोग्यांकडे वर्षानुवर्षे पाहत राहिले.

विषाचा छडा शेवटी हिंदुस्थानातच लागला. १९६४ मध्ये बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत राव, आडिगा आणि शर्मा यांनी, व त्याच सुमारास दिल्लीच्या संशोधकांनी, लाखोळीच्या दाण्यातून एक आम्ल वेगळे केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ओडॅप म्हणतात. मज्जापेशी एकमेकींस संदेश देताना ग्लुटामेट नावाचा पदार्थ वापरतात. ओडॅप त्याचे सोंग घेऊन पेशीस इतके चेतविते की ती चेतवणीनेच मरते. त्याच वर्षी रेवा जिल्ह्यातील द्विवेदी आणि प्रसाद यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या एका जिल्ह्यात सुमारे २५,००० रोगी आढळले. तेथे दुष्काळ हे एकच कारण नव्हते. जमीनदाराकडे बांधलेल्या मजुरास मजुरी धान्यात मिळे, आणि ते धान्य बहुतांशी खेसारी असे. मालकाच्या घरी गहू, गड्याच्या घरी खेसारी. रोगही त्याच वाटणीने गेला. अशा वेळी रोगाचे मूळ दाण्यात शोधावे की मजुरीच्या मापात, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत बसत नाही म्हणून त्यास खोटा म्हणता येत नाही.

किती खाल्ले असता रोग होतो? जेवणातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पोषण दोन-तीन महिने लाखोळीतूनच मिळू लागले म्हणजे धोका उभा राहतो, असे साधारण मानतात. भात, गहू किंवा ज्वारी यांच्या जोडीला वाटीभर डाळ खाणाऱ्यास सहसा काही होत नाही. इथिओपियात १९९५ नंतर जी साथ आली तिच्या अभ्यासात, धान्यात मिसळून खाणाऱ्या घरांत रोग पुष्कळच कमी दिसला. तृणधान्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात. लाखोळीत त्यांचीच उणीव. राजूरच्या बाजूच्या ज्वारीच्या भाकरीचे महत्त्व या दृष्टीने पाहण्याजोगे आहे: ताटात ती आहे तोवर डाळ डाळच राहते. ती नाहीशी झाली की डाळीचे अन्न होते आणि अन्नाचे विष होते.

निसर्गाची क्रूरता आणखी पुढे जाते. पाण्याचा ताण पडला की या वनस्पतीत ओडॅपचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही, त्याच वर्षी लाखोळी अधिक विषारी होते. विष काढण्याचा उपाय सोपा आहे. डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, अथवा भरपूर पाण्यात उकळून निथळावी. बराचसा अंश त्यात निघून जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने या उपायाचा बराच प्रचार केला. पण दुष्काळात पाणी आणि सरपण या दोनच वस्तू प्रथम संपतात.

सरकारने १९६१ मध्ये अन्नभेसळीच्या नियमांखाली खेसारीच्या विक्रीस बंदी घातली. ज्या राज्यांत पीक मोठे होते त्यांतील काहींनी ती अंमलात आणली नाही. महाराष्ट्राने आणली. परिणाम चमत्कारिक झाला. पेरणी थांबली नाही. मात्र लाखोळी उघड बाजारातून नाहीशी होऊन हरभऱ्याच्या बेसनात आणि तुरीच्या डाळीत शिरली. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याचे पीक चोरटे ठरले आणि भाव पडला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली, उपोषणे केली. जेवणात बेताने येणारी डाळ निरपराध आहे, दोष उपासमारीचा आहे, असा त्यांचा दावा. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठविली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र ती कायम राहिली. कोठारींच्या म्हणण्यात तथ्य पुष्कळ आहे. तथापि बेताने खाणे हे ज्यास निवड करता येते त्याचेच व्रत असते, ही गोष्ट रेवाच्या मजुरांनी आपल्या पायांनी सिद्ध केलेली आहे, आणि बंदी उठविणाऱ्यांच्या युक्तिवादात तिचा उल्लेख कमी येतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेने गोंदिया जिल्ह्यात केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लाखोळीचा आहारातील वापर पूर्वीपेक्षा कमी झालेला आढळला. स्वस्त धान्याच्या दुकानातून मिळणारे तांदूळ-गहू, रोख मजुरी आणि रोजगाराची कामे यांनी जे साधले ते बंदीने साधले नव्हते असे मानण्यास जागा आहे. शेतीशास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. १९७४ च्या पुसा-२४ या वाणापासून आरंभ होऊन पुढे रतन, प्रतीक आणि २००८ मध्ये रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा महातिवडा असे अल्पविषारी वाण निघाले. त्यांत ओडॅपचे प्रमाण शेकड्यास एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. अडचण एवढीच की लाखोळीच्या फुलावर मधमाशा येतात. शेजारच्या खाचरात जुने बी असेल तर काही हंगामांत नवे बी त्यात मिसळून जाते, आणि दाणा पाहून कोणता कोणता हे कोणास ओळखता येत नाही. म्हणून त्या वाणांचे शुद्ध बी पुन्हापुन्हा आणावे लागते, आणि उभ्या भातात फुकट फेकावयाचे जे पीक, त्यासाठी शेतकऱ्याने दर काही वर्षांनी बियाणे विकत घ्यावे अशी अपेक्षा धरावी लागते.